आपल्या बाजूची रेषा

आमच्या घरात दिवसा कुणी मोठ्यानं बोलत नसे. आप्पा, म्हणजे माझे वडील, कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला होते, आणि मला आठवतं तसं त्यांची रात्रपाळीच जास्त असायची. सकाळी ते घरी येत तेव्हा त्यांच्या अंगाला साबणानं न जाणारा एक आंबूस वास असे. दोन भाकरी आणि वाटीभर कढी खाऊन ते मधल्या खोलीत आडवे होत, आणि मग संध्याकाळपर्यंत सगळं घर त्यांच्या झोपेच्या ताब्यात जाई. शिट्टी होते म्हणून आई कुकर लावत नसे, भात पातेल्यातच शिजे. ठेचा कुटायचा असला की ती खलबत्ता उचलून मागच्या शेळ्यांच्या छपरात जाई आणि तिथं उकिडवी बसून कुटे. दाराच्या बिजागरीला खोबरेल तेल, भांड्यांखाली गोणपाट, आणि आम्ही सगळे अनवाणी. मला यातलं काही जमत नसे. स्वस्थ बसणं माझ्या अंगात नव्हतंच. पुस्तक उघडलं तरी पाय हलत राहायचे, पाय दाबून धरले तर बोटं टेबलावर वाजायला लागायची. आमच्या आजोबांनी उमेदीची वर्षं मेंढरामागं चालण्यात घालवली होती. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरून कोकणात, आणि उन्हाळा सरताना परत वर. पुढं जमीन घेतली, घर बांधलं आणि वाड्यावरची, मेंढरांच्या फिरत्या तळावरची, माणसं एका जागी बसली. आजोबा बाजेवरून माझी तगमग बघत आणि आईला सांगत, "हिला काय बोलू नगंस सूनबाई. आमचं चालायचं ऱ्हायल्यालं हिच्या पायात आलंया."

तिशी ओलांडते न ओलांडते तोच आठवणी लिहायला बसलेल्या बाईला लोक हसतील, हे मला कळतं. पण खेळाडूचं म्हातारपण लवकर येतं. माझा उजवा गुडघा आता थंडीच्या दिवसांत आईच्या गुडघ्यापेक्षा जास्त कुरकुरतो, आणि मी शिकवते त्या मुली मला ज्या सुरात 'मॅडम' म्हणतात, तो सूर आम्ही एके काळी निवृत्तीला आलेल्या बाईंसाठी राखून ठेवला होता. तेव्हा मला लिहायला हरकत नाही.

मी दौंडला कॉलेजात जायला लागले त्या सुमारास कुरकुंभ रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये निळा रंग मारलेला दिसला. कार्यालय विक्रमदादाचं होतं. पन्नास एकर बागायत, दोन ट्रॅक्टर, आणि कुठलीही नवी गोष्ट तालुक्यात सगळ्यांत आधी आपण आणली पाहिजे अशी खोड असलेला तो माणूस. पुण्याला एका मित्राकडं त्यानं पिकलबॉल बघितला आणि परत येताना रंगाचे डबे गाडीत टाकूनच आला. कमरेएवढी जाळी, तारा नसलेली चपटी फळी आणि भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा चेंडू, एवढंच सामान. "आगं, अमेरिकेत आधी रिटायर झाल्याली माणसं खेळायची," तो मला फाटकातून आत बोलावत म्हणाला, "आता तिकडं पोरं कालेज सोडून ह्याच्यात पडल्यात. व्हिएतनामात तर गल्लोगल्ली कोर्ट हाय. पुन्यात रात्रीचं बुकिंग मिळंना. आपल्याकडं कवा ना कवा येनारच, मग आपन आधी का न्हाई?" त्यानं फळी माझ्या हातात दिली. मी चेंडू मारला आणि त्याचा जो आवाज झाला, टक् असा, कोरडा, खणखणीत, तो माझ्या कानातून थेट पायांत उतरला. घरात जे जे वाजवायला मनाई होती ते सगळं त्या एका टक्‌मध्ये होतं.

त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. लग्नाची तिथी असली की सराव बंद, कारण कोर्टावर वऱ्हाडाच्या गाड्या लागायच्या. त्या दिवसांत मी कुंपणाबाहेर उभी राहून बँडवाल्यांवर चिडायची. घरी भिंतीवर चेंडू मारून बघितला तर आप्पा उठून दारात आले, डोळे लाल, बनियन चुरगळलेलं. ते ओरडले नाहीत. "रुपे, मला चार तास झोपू दे," एवढंच म्हणाले, आणि त्यांच्या तोंडची ती विनवणी ऐकून मला पुन्हा त्या भिंतीकडं जायचं धाडस झालं नाही. मग मोबाइलवर परदेशातले सामने आवाज बंद करून बघत बसायचं. अमेरिकेतल्या, मलेशियातल्या, तैवानच्या मुली जाळीपाशी उभ्या राहून चेंडू टोलवत, आणि मी गोधडीत पाय हलवत. हे सगळं कुठं तरी चाललंय आणि आपण कुरकुंभात भात पातेल्यात शिजायची वाट बघतोय, या विचारानं जीव नुसता कासावीस व्हायचा.

अडचण जोडीदाराची होती. दुहेरी खेळायला चार माणसं लागतात, आणि मुली चार दिवस येत, पाचव्या दिवशी कुणाचं स्थळ येई, कुणाच्या भावाला ते आवडत नसे. मंगलआत्या आली ती अशीच, जागा भरायला. ती आप्पांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर सासरच्यांनी माहेरी आणून सोडली ती आमच्याकडंच राहिली, आणि एका औषध कंपनीत कंत्राटावर पॅकिंगला जायला लागली. मला घरी न्यायला ती कामावरून परस्पर तिथं येई, पंजाबी ड्रेस, डोक्यावरून ओढणी, हातात रिकामा डबा. एका संध्याकाळी आम्ही तिघीच होतो. विक्रमदादा म्हणाला, "आत्या, तुम्ही नुसतं हुबं ऱ्हावा." आत्यानं डबा खांबापाशी ठेवला, ओढणी कमरेला खोचली आणि उभी राहिली. शाळेत ती खो-खो खेळायची, हे मला त्या दिवशी कळलं.

जाळीच्या दोन्ही बाजूंना जो पट्टा असतो त्याला या खेळात किचन म्हणतात. चेंडू हवेतच मारायचा असला तर त्या पट्ट्यात पाय टाकायचा नाही, असा नियम. तो ऐकून आत्या इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "जन्मभर किचनातनं भाईर पडू दिलं न्हाई कुनी, आन् इथं म्हनत्यात पाय टाकू नगंस!" आणि जाळीपल्याड हळूच, मेलेला चेंडू टाकायचा, त्या फटक्याला म्हणतात डिंक. ते नाव तिला फार पटलं. बाळंतिणीच्या लाडवातल्या डिंकासारखाच तिचा फटका होता, चिकट. समोरच्याला सुटून जाता येत नसे. मी मागं धावायची, उड्या मारायची, जोरात हाणायची, निम्मे चेंडू कुंपणावर. ती जाळीपाशी उभी राहून एकामागून एक डिंक टाकत राहायची, भाजीला कोथिंबीर निवडावी तशी. "रुपे, घाई कसली गं? त्यो चेंडू काय एस्टी हाय का सुटायला?" मला ते ऐकून आणखीच घाई व्हायची. पण आम्ही जिंकायला लागलो. बारामतीला जिंकलो, केडगावला जिंकलो, आणि घरी येताना आत्या गाडीत मागं बसून शेंगदाण्याची चटणी लावलेली भाकरी गुंडाळून माझ्या हातात देई आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पाळीला उभी राही.

उन्हाळ्यात शिरूरला स्पर्धा ठरली. घोडनदीच्या अलीकडं एका गोडाऊनमध्ये चार कोर्टं आखली होती. महिला दुहेरीत जिंकणाऱ्या जोडीला व्हिएतनामच्या खुल्या स्पर्धेला पाठवणार, जाण्यायेण्याचं सगळं प्रायोजक बघणार. ते ऐकल्यापासून माझी झोपच उडाली. आत्याच्या सुपरवायझरनं मात्र तिला सांगितलं होतं की एवढी सुट्टी घेतलीस तर परत येऊ नकोस. ती मला म्हणाली, "आधी जिंकू तर. मग बघू." तिच्या या 'बघू'वर मी रात्र रात्र विचार करत होते. हिला यायचंय का? की नाही? विचारायची मला भीती वाटत होती.

अंतिम सामना दुपारी झाला. पत्रे तापलेले, पंखे गरम वारा फेकत होते. समोर पुण्याच्या खराडीतल्या, आयटीत काम करणाऱ्या दोन मुली होत्या, ऋतुजा आणि तिची मैत्रीण, एकसारख्या स्कर्टमधल्या, पण खेळाला पक्क्या आणि वागायला चांगल्या. पहिला गेम त्यांनी घेतला, दुसरा आम्ही. तिसरा अकरापर्यंत जायचा तो दोन गुणांचा फरक पडेना म्हणून पुढं सरकला. त्या अकरा, आम्ही दहा, आणि सर्व्हिस त्यांची. या खेळात पंच गुण मोजतो, पण आमच्या पातळीवर रेषेचा निकाल तो देत नाही. चेंडू ज्यांच्या बाजूला पडला त्यांनीच सांगायचं, आत की बाहेर. आणि जोडीतल्या दोघींचं एकमत नसेल तर चेंडू आत धरायचा. शंकेचा फायदा समोरच्याला. ऋतुजानं आमच्या डोक्यावरून उंच चेंडू टाकला. आत्या वळून मागं धावली, मी दुसऱ्या बाजूनं. तो मागच्या रेषेपाशी पडला, आणि मी तो पडताना बघितला. रेषेच्या पलीकडं. मी बोट वर केलं आणि ओरडले, "आऊट!"

आत्या धापा टाकत रेषेकडं बघत उभी होती. मग तिनं मान हलवली. "न्हाई," ती म्हणाली. "लाईनीवर हाय."

ऋतुजा जाळीपाशी आली आणि म्हणाली, "काकू, नक्की ना? आम्हाला इथून दिसलं नाही." आत्या म्हणाली, "व्हय बाळा. गुन तुमचा." संपलं. त्या दोघी एकमेकींना मिठी मारायच्याही विसरल्या. मी फळी जमिनीवर ठेवली. आपटली नाही, ठेवली.

विक्रमदादाच्या गाडीतून आम्ही न्हावऱ्यावरून दौंडकडं निघालो. दोन्ही बाजूंना ऊस, आणि माझे पाय पहिल्यांदाच गप्प होते. हालचाल सगळी डोक्यात चालली होती. भीमेच्या पुलावर मला राहवलं नाही. "तुला यायचंच नव्हतं ना आत्या? नोकरी जाईल म्हणून केलंस ना तू?"

ती खिडकीकडून माझ्याकडं वळली. तिचा चेहरा उन्हानं आणि घामानं काळवंडला होता. "यायचं व्हतं," ती म्हणाली. "तुझ्यापरीस जास्त यायचं व्हतं. तुला अजून लई जागा बघायच्या हायत. मला न्हाई कुनी न्यायचं परत."

"मग?"

"मग काय? मला वाटलं त्ये सांगितलं."

मी तिच्याशी बोलणं टाकलं. शांतता पाळायची आमच्या घराला सवयच होती, त्यात आमच्या दोघींची शांतता कुणाला वेगळी दिसली नाही. ती डबा भरून द्यायची, मी न बोलता घ्यायची. तिनं केलेलं हुलग्याचं माडगं मी न पिता तसंच ठेवायची आणि आजोबा ते गुपचूप पिऊन टाकायचे. कॉलेज सुटल्यावर मी हायवेला जाऊन उभी राहायची, सोलापूरकडं जाणाऱ्या गाड्या बघत, आणि कुठल्याही गाडीत चढून जावं असं वाटायचं.

कोंडी फोडली ती आप्पांनी. त्यांना साप्ताहिक सुट्टी होती, सगळे जेवायला बसलो होतो आणि भाकरी मोडता मोडता ते एकदम म्हणाले, "मंगे, चेंडू भाईर व्हता." तेव्हा कळलं की त्या दिवशी रात्रपाळी करून, न झोपता, आप्पा मोटारसायकलवर शिरूरला आले होते. आम्हाला दडपण नको म्हणून मागच्या जाळीला टेकून उभे राहिले, कंपनीच्या कपड्यांतच, आणि सामना संपल्यावर तसेच निघून गेले. ज्या रेषेवरून आमचं घर दोन भागांत फुटलं होतं, तिच्या बरोब्बर मागं ते उभे होते. "चांगला वीतभर भाईर," ते म्हणाले. "मी काय बोलनार? मला का त्या खेळातलं कळतंय. पन पोरगी उपाशी ऱ्हायला लागली म्हनून सांगतो."

माझ्या मनात काय झालं असेल! मला वाटलं आता मी ओरडेन, रडेन, ताट सरकवेन. पण मी आत्याकडं बघितलं, आणि तिचा चेहरा बघून माझा सगळा आवेश गेला. ती चोरी पकडल्यासारखी दिसत नव्हती. ती घाबरलेली दिसत होती. "वीतभर?" तिनं विचारलं. "दादा, वीतभर म्हंजी एवढा?" तिनं अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली. "मला तर रेघ आन् चेंडू सगळं येकच दिसलं."

आजोबांनी बाजेवरून विचारलं, "मंगल, त्या भितीवरचं कॅलेंडर वाच." आत्या वळली. कॅलेंडर समोरच्या भिंतीवर होतं, चार पावलांवर. तिनं डोळे बारीक केले, मान पुढं काढली आणि मग हसली. "चित्रात देवी हाय," ती म्हणाली, "बाकी धूर हाय."

दुसऱ्या दिवशी मी तिला दौंडला डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. त्यांनी भिंगं बदलत बदलत विचारलं, किती वर्षं झाली असं दिसतंय? आत्या म्हणाली, "सगळ्यास्नी असंच दिसतं आसंल, म्हनून कवा बोलले न्हाई." इतके दिवस ती जाळीपाशी उभी राहून समोरच्या फळीचा आवाज ऐकून आणि खांदे बघून खेळत होती. जवळचं सगळं तिला नीट दिसायचं, लांबचं नाही. मागच्या रेषेवर तर तिनं कधी काही बघितलंच नव्हतं. बाकावर बसून चष्म्याची वाट बघताना मी विचारलं, "मग त्या दिवशी 'दिसलं नाही' असं का नाही म्हणालीस?"

"दिसलं न्हाई म्हटलं आसतं तर तुझं ऐकलं आसतं का त्यांनी?"

"हो. मी म्हटलेलं चाललं असतं."

हे तिला ठाऊकच नव्हतं. एकीला दिसलं नसेल तर दुसरीचा निर्णय चालतो, भांडण झालं तरच चेंडू आत, हे तिला कुणी समजावलं नव्हतं. मीसुद्धा नाही. तिनं शंका समोरच्याची एवढंच लक्षात ठेवलं होतं. थोड्या वेळानं तिनं माझ्या मांडीवर हात ठेवला, कारण पाय पुन्हा हलायला लागले होते, आणि म्हणाली, "चुकलं माझं. लबाडी न्हाई केली, पन चुकलं." मी तिच्या हातावर हात ठेवला, आणि तो हात, गोळ्यांच्या पाकिटांनी घट्टे पडलेला, कितीतरी वेळ तिथंच होता. त्या काळातली माझी हीच एक दुपार आहे, जिच्यात मी खरोखर स्वस्थ बसले होते.

पुढचं थोडक्यात सांगते. दोन वर्षांनी मी व्हिएतनामला गेले, आत्याला सुट्टी मिळेना म्हणून सोबत दुसरी जोडीदार घेऊन, आणि दुसऱ्याच फेरीत हरले. पण दा नांगच्या समुद्राकाठी रांगेनं पसरलेली कोर्टं बघितली, पहाटेपासून खेळणाऱ्या आज्या बघितल्या, फिलिपाइन्सच्या एका मुलीकडून कोपराखालचा फटका शिकून आले आणि तिला बदल्यात शेंगदाण्याची चटणी दिली. ती ढसाढसा रडली, तिखटानं. मग माझा गुडघा गेला आणि विक्रमदादाच्या पार्किंगमध्ये मी शिकवायला लागले. आता तिथं सहा कोर्टं आहेत, आणि तिथी असली तर लग्न बाजूच्या शेतात हलतं. माझ्या मुलींना अमेरिकेतल्या खेळाडू नावानिशी पाठ आहेत. हा खेळ ऑलिंपिकला कधी जाणार, हे त्या मला रोज विचारतात, जसं काही ते माझ्याच हातात आहे.

आत्याला मात्र वाट सापडली ती वेगळीच. शिरूरच्या फायनलमधली ती ऋतुजा. काही वर्षांनी एके दिवशी तिचा मला फोन आला. तिची आई पन्नाशीत खेळायला लागली होती, ज्येष्ठांच्या गटात उतरणार होती, आणि जोडीदार शोधत होती. "तुझ्या आत्या अजून खेळतात का?" तिनं विचारलं. "आईला मी तो दिवस सांगितलाय. ती म्हणते, खेळले तर त्याच बाईबरोबर." मी म्हटलं, त्या दिवशी चेंडू बाहेर होता. ऋतुजा हसली. "माहितीये गं. आमच्या मैत्रिणीनं मागून व्हिडिओ काढला होता. म्हणूनच तर विचारतेय."

आत्यानं कंत्राट सोडलं, सरळ सोडलं, कुणाला न विचारता. चष्म्याला मागून इलॅस्टिक बांधून ती पुन्हा खेळायला लागली आणि तिचा डिंक आता नेमका समोरच्या बाईच्या पायाशी पडायला लागला. थायलंडच्या स्पर्धेला जायचं ठरलं तेव्हा पासपोर्टच्या चौकशीला एक हवालदार आमच्या घरी आला. आत्या अंगणात शेंगा फोडत होती. त्यानं खुर्ची घेतली, चहा घेतला आणि विचारलं, "परदेशात कशाला निघाला? कामाला का?"

"न्हाई."

"मग पोरगा हाय का तिकडं? लेक दिल्याली हाय?"

"मला न्हाई कुनी."

"मग देवधर्म?"

"तिकडं कुठला माझा देव, सायेब!"

हवालदारानं पेन थांबवलं. "आवो बाई, मग चाललाय कशाला?"

"खेळायला," आत्या म्हणाली.

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग आईकडं बघितलं, की कुणीतरी नीट सांगेल. आत्यानं फोलपटं झटकली, चष्मा नाकावर वर सारला आणि त्याला ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा, जरा मोठ्यानं सांगितलं.

"खेळायला चाललीया. तसंच लिवा."